खांदेरी-उंदेरीच्या शेजारी



आपल्यापैकी बरेच जण आज गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला आलात. तीनशे वर्षांपूर्वी हेच पाणी ओलांडायचं, तर आधी विचारावं लागे की सध्या कोणाचं कोणाशी जमलं आहे.

या किनाऱ्याचा इतिहास आपण मराठे आणि परके अशा दोन रकान्यांत मांडतो. मला ते पटत नाही. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी एकत्र आले खरे. पण बेट सिद्दीच्याच घशात गेलं तर काय, ही धास्तीही इंग्रजांना होती. सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली आणि इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. डिसेंबर 1721 मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. कान्होजी आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव पेशवे पोचले, तशी पोर्तुगीजांनी परस्पर बोलणी लावली आणि इंग्रज एकटे पडले.

आंग्र्यांच्या घरातही तेच. कान्होजींमागे मानाजी आणि संभाजी हे भाऊ एकमेकांवर उठले. मानाजींनी आधी पोर्तुगीजांची मदत घेतली, मग पेशव्यांची. 1736 मध्ये इथून जवळच, रेवसच्या बाजूला, चिमाजी आप्पांनी सिद्दी सात या सरदाराला मारलं, त्या लढाईत मानाजी हे चिमाजी आप्पांसोबत होते. 1740 मध्ये संभाजींविरुद्ध मानाजींना पेशवे आणि इंग्रज दोघांचंही बळ मिळालं. मला सर्वांत सलतं ते 1756. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. सरदार वठणीवर आला, पण समुद्र कायमचा उघडा पडला.

अशा उलटसुलट युती फक्त याच किनाऱ्यावर झाल्या असं नाही. सातव्या शतकातल्या ब्रिटनमध्येही वेल्श ख्रिस्ती राजा कॅडवॉलन याने मर्सियाच्या मूर्तिपूजक पेंडाशी हातमिळवणी करून नॉर्थंब्रियाच्या ख्रिस्ती एडविनला रणात मारलं. धर्म एक, म्हणून पक्ष एक, असं तिथेही नव्हतं.

अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. तहनाम्यांत सरदारांची नावं असतात. गलबतं वल्हवणाऱ्या, तोफांपुढे उभ्या राहिलेल्या कोळी-भंडाऱ्यांची नसतात. 2025 मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली. तिथे लढलेल्या या माणसांचा माग आपल्या निबंधांतून लागावा. थळ, रेवस आणि मांडव्यातली वडीलधारी मंडळी आज सभागृहात बसली आहेत. मधल्या सुट्टीत त्यांच्याशी जरूर बोला.