धावणे आणि घरसंसार



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून वसंतातील व्याख्यानांतून राज्यकारभार, धर्म, समाज, वाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. त्या मानाने आजचा आमचा विषय अगदी हलका वाटेल. धावण्याचा आणि नकाशा-होकायंत्र घेऊन रानात वाट शोधण्याचा सराव रोजच्या संसारात कसा बसवावा, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. परंतु विषय हलका असला तरी त्याच्या पोटातला प्रश्न हलका नाही. घरातल्या एका माणसाचा छंद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वेळावर पोसला जातो की काय, हा तो प्रश्न होय.

वरंधच्या परिसरात हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन चढ चढावयाचा, जिने लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरावयाचा, तिला धावण्याचा उपदेश कसला करता? शेताच्या बांधाबांधाने दिवसभर फिरणाऱ्यास व्यायाम कशाला हवा? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. कष्ट आणि खेळ यांत फरक आहे तो एवढाच, की कष्टाची वेळ आणि वाट दुसरे कोणी ठरविते, तर खेळाची आपण ठरवितो. दिवसातला अर्धा तास स्वतःच्या मर्जीने वापरता येणे हे सुख आहे. आणि ते कष्ट करणाऱ्यालाच अधिक दुर्मिळ असते. शिवाय काळही बदलला आहे. महाड-बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा तरुण, कचेरीत बसणारा कारकून, मोटारसायकलवरून शाळेत जाणारा शिक्षक, यांच्या पायांना आता डोंगराची ओळख उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसाला आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. डोंगराच्या कुशीत राहूनही पुष्कळांच्या हिशेबात तेवढी मिनिटे भरत नाहीत.

आता ज्या खेळाविषयी आम्ही बोलणार आहो, त्याची थोडी ओळख करून देतो. इंग्रजीत त्याला ओरिएंटिअरिंग म्हणतात. आपण त्याला दिशाशोधनाची शर्यत म्हणू. त्याचा जन्म नॉर्वे-स्वीडनच्या लष्करी शिक्षणातून झाला. लोकांसाठी खुली अशी पहिली शर्यत १८९७ साली नॉर्वेत झाली, आणि १९१९ साली स्वीडनमध्ये मेजर किलांडर यांनी तिला आजचे रूप दिले. १९६१ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६६ साली फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. खेळाची रीत सोपी आहे. रानात ठिकठिकाणी पांढऱ्या-नारिंगी रंगाची निशाणे टांगलेली असतात. खेळाडूच्या हाती नकाशा आणि होकायंत्र देतात. ठरलेल्या क्रमाने सर्व निशाणे गाठून जो कमीत कमी वेळात परत येईल तो जिंकला. मधली वाट कोणीही सांगत नाही. ती ज्याची त्याने निवडावयाची.

म्हणून या खेळात नुसते पाय चालत नाहीत. आपल्याकडे सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारी नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरांची चढण. पाच रेषा ओलांडल्या की १०० मीटर चढलात. शर्यतीचा नकाशा त्याहून पुष्कळ बारकाईचा असतो. त्यात बहुधा एका सेंटिमीटरला १०० किंवा १५० मीटर धरतात. रेषा दाट दिसल्या तर कडा, विरळ दिसल्या तर माळ. ओढा डाव्या हाताला ठेवून वर जावे, तो दोन फाटे होतो तेथे थांबावे, मग होकायंत्र लावून धारेवर चढावे, असा विचार धावता धावता करावा लागतो. आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना नकाशावाचन शिकवितात. त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. आणि आपल्या गुराख्याला तर हे सर्व नकाशावाचून येते!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तासभर धावणे म्हणजे तासच जातो, अशी धावणाऱ्याची समजूत असते. घरच्या माणसांचा हिशेब निराळा असतो. पहाटे उठण्यासाठी रात्री लवकर निजावयाचे, म्हणजे जेवणे लवकर व्हावयाची. धावून आल्यावर आंघोळीला पाणी तापलेले हवे, घामाचे कपडे धुवावयाचे, भूक दुप्पट लागते म्हणून दोन भाकरी अधिक थापावयाच्या. रविवारी स्पर्धा असली की बाजार राहिला, सासुरवाडी राहिली, मुलाचा अभ्यास राहिला. अशा रीतीने एका तासाचे अडीच तास होतात, आणि त्यांतले दीड तास दुसऱ्याच्या खात्यावर पडतात.

हे खाते बहुतेक कोणाचे असते, ते सांगावयास नको. तरी आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली! या पार्श्वभूमीवर घरातला पुरुष पायांत बूट चढवून म्हणतो की मला तासभर मोकळा हवा, तेव्हा तो तास कोठून येतो हे त्याने विचारलेच पाहिजे.

या बाबतीत आपल्याच मुलखातल्या दोन कथा आमच्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभ्या राहतात. पोलादपूरजवळचे उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. मुलाचे लग्न बाजूस ठेवून ते १६७० साली कोंढाण्यावर गेले आणि परत आले नाहीत, ही कथा लहान मुलासही ठाऊक आहे. दुसरी कथा रायगडची. दूध विकावयास गेलेली हिरकणी संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने गडावर अडकली. घरी तान्हे मूल होते म्हणून अंधारात कडा उतरून ती घरी पोचली, आणि त्या जागी पुढे बुरूज बांधला गेला, असे आख्यायिका सांगते. एकाने गडासाठी घर सोडले. दुसरीने घरासाठी गड उतरला. दोघेही थोर. पण लक्षात घ्या, की तानाजींनी जे बाजूस ठेवले ते स्वराज्याच्या कामासाठी. आमच्या तुमच्या शर्यतीला ती सवलत नाही. पदकासाठी किंवा प्रकृतीसाठी धावणाऱ्याने तानाजीचे नाव घेऊन घरच्या कार्यातून अंग काढून घ्यावे, हे त्या नावाला शोभत नाही. खेळाडूने आदर्श ठेवावयाचा तो हिरकणीचा: पायांत बळ हवे, वाटेची नजर हवी, आणि मन घराकडे हवे.

हिरकणी ही दंतकथा म्हणून कोणी सोडून देईल, तर अलीकडची गोष्ट सांगतो. बारामतीकडच्या लता भगवान करे या साठी उलटलेल्या मजूर बाई. पतीच्या वैद्यकीय तपासणीला पैसे नव्हते, म्हणून त्या बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि बक्षीस मिळविले. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. या बाईंचे कौतुक सर्वांनी केले, ते योग्यच होते. परंतु आम्हांला त्या कौतुकात एक गोष्ट खटकते. स्त्री संसारासाठी धावली की आपण टाळ्या वाजवितो. ती स्वतःच्या आनंदासाठी धावावयास निघाली की कपाळाला आठी घालतो. पुरुषाला मात्र कारण विचारीत नाही. हा दुजाभाव जाईपर्यंत संसार आणि सराव यांचा मेळ पुरता बसावयाचा नाही.

मग मेळ बसवावा कसा? येथे दिशाशोधनाच्या खेळानेच एक चांगली युक्ती काढली आहे. या शर्यतीत सर्व जण एकदम सुटत नाहीत. एकामागून एक, ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडतात. त्यामुळे युरोपात पुष्कळ ठिकाणी आईबापांना मुद्दाम दूरदूरच्या वेळा देतात. आधी आई धावून येते, तोवर बाप मूल सांभाळतो. मग बाप सुटतो. स्वीडनमध्ये १९६५ पासून चालत आलेल्या पाच दिवसांच्या ओ-रिंगेन जत्रेत, कारण तिला जत्राच म्हटले पाहिजे, लहान पोरांपासून आजीआजोबांपर्यंत प्रत्येक वयाची निराळी शर्यत असते. अगदी लहानग्यांसाठी झाडाझाडांतून दोरी बांधून ठेवतात. ती धरून पोर एका निशाणापासून दुसऱ्यापर्यंत जाते. घरच्यांना घरी ठेवून खेळावयाचे नाही, तर घरचे सर्व जण खेळात यावयाचे, अशी ती रचना आहे.

आम्ही उभयतांनी आमच्या घरी हीच पाळीची रीत ठेविली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचा. ज्याची पाळी नाही त्याने चूल, पाणी आणि मुलांची शाळा पाहावयाची. रविवार सर्वांचा. आठवड्याच्या आरंभी वेळ वाटताना पहिली निवड घरातल्या बाईची, हा नियम. कारण वाटणीत जो शेवटी निवडतो त्याच्या वाट्याला उरलेलेच येते, आणि ते फार दिवस एकाच्याच वाट्याला येत राहिले आहे. पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी भरून घ्यावयाची नाही, हा दुसरा नियम. मूल तापले, पाहुणे आले, तर तो दिवस गेला असे समजावे. त्याने पायांतले बळ नाहीसे होत नाही.

वेळ कमी असेल तर डोंगर आपला मित्र आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ साली एक आडाखा बांधला: सपाटीवर तीन मैलांस एक तास, आणि चढणीच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. या हिशेबाने १०० मीटरांची चढण ही सपाटीवरच्या सुमारे ८०० मीटरांच्या बरोबरीची होते. शहरातल्या माणसाला जी मेहनत करावयास सहा-साडेसहा किलोमीटर हिंडावे लागते, ती वरंधच्या माणसाला ३०० मीटर चढणीच्या चार किलोमीटरांत मिळते. घाटाच्या चढावर चाळीस मिनिटे नेटाने घालविलीत तर दीड तास सपाटीवर फिरण्याची गरज नाही.

नकाशाचा सराव तर घरात बसूनही होतो. रात्री जेवणे उरकल्यावर मुलांना घेऊन नकाशा पसरावा. वाघजाईच्या देवळापासून कावळ्या किल्ल्याची धार कोठून धरशील, शिवथरघळीकडे जाताना कोणते ओढे ओलांडशील, असे त्यांना विचारावे. मूल बोट ठेवून सांगू लागले की समजावे, सराव झाला आणि भूगोलही झाला. आजीला त्या वाटा पायांनी ठाऊक असतात. मुलाची चूक ती चटकन दाखविते. आजी, नातू आणि नकाशा अशी शाळा आम्हांला फार मोलाची वाटते.

ऋतूंचे भान मात्र सुटता कामा नये. आपल्याकडे पावसाळा म्हणजे लावणीचा हंगाम. त्या दिवसांत घरातले सर्व हात शेतात असतात, आणि घाटही धोक्याचा असतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. ते दुःख येथे कोणी विसरलेले नाही. मुसळधार पावसात घाटात धावण्यात शौर्य नाही. ते दिवस घराच्या पडवीत दोरीवरच्या उड्या आणि बैठका काढून घालवावेत. भात कापून झाले, कार्तिक-मार्गशीर्ष लागले, की रान मोकळे. उभ्या पिकातून कधीही जाऊ नये; या खेळाच्या नियमांनाही ते मान्य नाही. गवतात फुरसे असते, तेव्हा पाय झाकलेले असावेत. आणि घरातून निघताना कोणत्या वाटेने जाणार व किती वाजता परतणार, हे सांगितल्यावाचून उंबरठा ओलांडू नये. दिलेल्या वेळेला परत येणे हा धावणाऱ्याचा पहिला विक्रम आहे. तो रोज साधता येतो, आणि घरच्यांना दुसऱ्या कोणत्याही विक्रमापेक्षा त्याचेच समाधान अधिक असते.

येथून जवळच शिवथरघळ आहे, जेथे समर्थांनी दासबोध सांगितला असे परंपरा मानते. समर्थांनी बळाची उपासना शिकविली, आणि संसार नीट करण्याचाही आग्रह धरला. ही दोन्ही शिकवण एकाच तोंडची आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. आमची आपणांस एवढीच विनंती आहे: आज घरी गेल्यावर एका कागदावर आठवड्याचे सात दिवस मांडा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचा म्हणून कोणता तास आहे, तो त्यात लिहा. एखाद्याच्या नावापुढे काहीच लिहिता आले नाही, तर आपली धाव तेथूनच सुरू करा. त्या माणसाच्या वाट्याचे एखादे काम उद्यापासून आपल्या अंगावर घ्या. बूट मग घालता येतील.