'सर्वसमर्थ' म्हणजे काय?



नववीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, अल्लाह सर्व काही करू शकतो ना? मग स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो बनवू शकेल का?" वर्ग हसला. मी त्या मुलाला दटावून खाली बसवले. त्या दिवशी शिक्षक म्हणून मी चुकलो. मुलगा उद्धट नव्हता, माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की या प्रश्नावर ख्रिस्ती विद्वानांनीही शतकानुशतके विचार केला आहे. छावणीतले चर्च आपण येता-जाता पाहतो. पण आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची श्रद्धा काय, हे आपण कधी विचारतो का?

मराठी बायबलात देवाला 'सर्वसमर्थ' म्हटले आहे. ग्रीक भाषेत यासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'सर्वांवर सत्ता चालवणारा' असा होतो. म्हणजे हा शब्द जादूगाराच्या करामतीचा नाही, राज्यकर्त्याच्या अधिकाराचा आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने सांगितले की, ज्या गोष्टीत स्वतःशीच विरोध आहे ती गोष्टच नव्हे. 'चौकोनी वर्तुळ' हे नुसते शब्द आहेत. ते काढता येत नाही यात काढणाऱ्याचे सामर्थ्य कमी पडत नाही. दगडाचा प्रश्नही तसाच. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अक्वायनसच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनीही हेच म्हटले होते की, अशक्य ते सामर्थ्याच्या कक्षेतच येत नाही.

दुसरा मुद्दा. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव खोटे बोलू शकत नाही, दिलेले वचन मोडू शकत नाही. मग ही त्याच्या शक्तीला मर्यादा झाली का? उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांचे म्हणणे असे की, देव मरू शकत नाही किंवा फसू शकत नाही, ते तो सर्वसमर्थ आहे म्हणूनच. आपणही पाहतो, खोटे बोलतो तो दुबळा माणूस. ज्याला कोणाचे भय नाही, त्याला खोट्याची गरज काय?

परंतु खरा कठीण प्रश्न दगडाचा नाही, भुकेचा आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नावाचून गेले. देव समर्थ असताना असे का, हा प्रश्न रमाबाईंपेक्षा अधिक हक्काने कोण विचारणार? १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांना आसरा दिला. मूळ भाषांवरून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. भुकेच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मला या कामात दिसते.

ख्रिस्ती माणूस म्हणतो, देवाचे सामर्थ्य क्रूसावर, दुःख सोसण्यात प्रकट झाले. येथे आपली वाट वेगळी आहे आणि ते मान्य करण्यात संकोच नको. मात्र देव स्वतःच्या न्यायाशी आणि दयेशी विसंगत वागत नाही, हे तेही मानतात आणि आपणही मानतो. अल्लाहने रहमत स्वतःवर बंधनकारक करून घेतली आहे, असे कुरआनच सांगते.

जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हा जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली होती. श्रद्धा वेगळ्या असूनही शेजारधर्म पाळता येतो, हे आपल्या मराठवाड्याने पूर्वीच दाखवले आहे.

काही दिवसांनी मी त्या मुलाला बोलावून हे सारे सांगितले आणि त्याची माफीही मागितली. तो हसून म्हणाला, "मग सर, अभ्यास न करता पास करणे त्याला शक्य आहे का?" मी म्हणालो, "त्याला शक्य आहे बाबा. पण तुला दहा बोटे आणि एक डोके त्याने कशासाठी दिले?"

पालकहो, मूल असा प्रश्न घेऊन आले तर त्याला माझ्यासारखे खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर, "चल, दोघे मिळून शोधू," असे म्हणा.