पोटातील दोन रोग



आम्ही डॉक्टर नव्हे, मजूर संघटनेचे कार्यकर्ते. मग कर्करोगावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता? एवढाच की, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूरहून ऊसतोडीला निघणारी माणसे आम्ही पाहतो. त्यांत पोटदुखीवर सोड्याची पुडी कनवटीला लावून जाणारेही असतात.

जठराचा कर्करोग एकच, अशी आपली समजूत. परंतु १९६५ साली फिनलंडच्या लॉरेन यांनी त्याचे दोन मुख्य प्रकार दाखवून दिले.

पहिला आतड्याच्या धाटणीचा. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात घर करतो. अस्तर वर्षानुवर्षे सुजते, मग झिजते, मग तेथे आतड्यासारखे अस्तर येते. आणि थोड्या जणांत त्यातून कर्करोग उद्भवतो. यास दशके लागतात. पेशी एकमेकींना धरून राहतात, म्हणून आरंभीही दुर्बिणीतून लालसर उंचवटा किंवा खळगा बहुधा दिसतो.

दुसरा पसरणारा. पेशींना सांधणारे ई-कॅड्हेरिन हे प्रथिन यात पुष्कळदा निकामी झालेले असते. संघटना फुटली की कामगार पांगतो, तशा या पेशी एकेकट्या अस्तराखालून पांगतात. वर आरंभी फार तर फिकट डाग. जंतूचा हात यातही असतो, पण झिजेची ती पायरी लागतेच असे नाही. हा तरुणांनाही होतो. काही घराण्यांत वारशानेही येतो. त्याचे जनुक १९९८ साली न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत सापडले.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. पहिल्या प्रकारचा, वरच्या थरातच असलेला लहान रोग दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. दुसऱ्याची कड डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून पुष्कळदा जठरावर शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्हींत वेळेवर तपासणी हाच तरणोपाय.

आणि वेळ हीच आमच्या माणसाजवळ नसते. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला तर दंड. म्हणून आमची मागणी अशी की, तपासणीचा दिवस खाडा धरू नये. आणि आपल्यालाही विनंती की, जळजळ हटत नसेल, थोड्या घासांत पोट भरत असेल, वजन उतरत असेल, शौचास काळी होत असेल, तर कोयता उचलण्याआधी अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय किंवा बार्शीचे कर्करोग रुग्णालय गाठा. सोड्याने जळजळ थांबते. रोग थांबत नाही.