आवाजाची टाळेबंदी



युनियनवाल्याने डिस्को गाणाऱ्या बाईंवर बोलावे याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. उषा उथुप १९४७ साली मुंबईत जन्मल्या. आवाज जाडा, म्हणून शाळेत त्यांना गाण्याच्या वर्गातून काढले. त्याच आवाजावर १९६९ पासून त्या मद्रासच्या आणि मग कलकत्त्याच्या नाइट क्लबांत साडी नेसून गाऊ लागल्या. पुढे बप्पी लाहिरींच्या संगीतात 'हरि ओम हरि' (१९८०) आणि 'रंभा हो' (१९८१) आली. अमेरिकेत डिस्को ओसरला होता, आपल्याकडे तेव्हा कुठे भरती लागली होती.

आणि त्याच दशकात पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारातले मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी हे गाणे अपसंस्कृती ठरवून सरकारी सभागृहे बाईंना बंद केली. मंत्री कामगार चळवळीतले, म्हणजे आमचेच! मालकाने फाटक लावले की आपण टाळेबंदी म्हणतो; मग याला काय म्हणायचे? मला स्वतःला शाहिरी आवडते, पण तो प्रश्नच नव्हे. कार्यक्रम बुडाला की मागे ड्रम-गिटार वाजवणाऱ्यांचीही रोजी बुडते, हे कामगारपुढाऱ्याला कोणी शिकवावे?

बाई हायकोर्टात गेल्या आणि जिंकल्या. २०२४ साली पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हाही त्या गातच होत्या.