आडनावाचे मूळ आणि यंत्राची साक्ष

(फडणीस कुलसंमेलनात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



फडणीसांचे घर हे माझे आजोळ. त्या नात्यानेच नियोजित कुलवृत्तान्ताची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच प्रकरणात एक वाक्य वाचले आणि लेखणी थांबली. 'फडणीस हे आडनाव मूळ फारसी असल्याने या कुळाचा आद्य पुरुष इराणातून दक्षिणेत आला असावा', असे ते वाक्य होते. हे कोणी लिहिले, म्हणून मामेभावाच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "काका, एआयला विचारले. त्याने पानभर उत्तर दिले." मी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. दुसऱ्या वेळी आपण राजस्थानातून आलो होतो, तिसऱ्या वेळी गोव्यातून! आत्मविश्वास मात्र तिन्ही वेळा सारखाच होता.

पहिल्या उत्तरात सत्याचा अंश होता, म्हणूनच ते अधिक फसवे होते. फडणीस हा शब्द खरोखरच फारसी 'फर्दनवीस' या शब्दावरून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा वा नोंदीचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पोतनीस, पारसनीस ही त्याच घडणीची पदनामे. राज्यकारभाराची भाषा फारसी होती, म्हणून पदांची नावे फारसी झाली. ती पदे सांभाळणारी माणसे इथलीच होती. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. पेशव्यांचे मूळ आडनाव भट आणि गाव श्रीवर्धन. आडनावातून पूर्वजाचे काम कळते, त्याचा वंश कळेलच असे नाही.

जी गोष्ट पदाची, तीच गावाची. पेणकर हे आडनाव ऐकून आपण काय तर्क कराल? कोकणातील बेने इस्रायली ज्यू समाजात पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावे शतकानुशतके आहेत. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांनी आपला धर्म राखला आणि या भूमीने त्यांना आपल्या गावांची नावे दिली. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे अलिबागच्या परिसरातले. त्यांच्या आडनावात किहीम आहे, जेरुसलेम नाही.

गोव्यात याच्या उलट घडले. पोर्तुगीज राजवटीत बाप्तिस्म्याच्या वेळी डिसोझा, परेरा अशी आडनावे मिळाली. त्यावरून यंत्राने पोर्तुगीज वंश सांगितला, तर हजारो कोकणी कुटुंबांचा खरा इतिहास पुसला जाईल. त्याच सोळाव्या शतकात मंगेश आणि शांतादुर्गा यांची स्थाने कुठ्ठाळी-केळशीहून प्रियोळ-कवळे येथे हलवावी लागली. अनेक सारस्वत कुटुंबे कर्नाटक-केरळपर्यंत पांगली. त्यांच्या गोव्यातील मुळाचा माग आडनावापेक्षा कुलदैवतावरून अधिक खात्रीने लागतो.

यंत्र चुकते का? कारण ते दप्तर उघडून पाहत नाही. आजवर वाचलेल्या अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, याचा ते अंदाज बांधते. विरळा आडनावांविषयी मजकूरच थोडा. मग शब्दाची फोड करून गोष्ट रचली जाते. त्यात आपण आडनाव रोमन लिपीत लिहितो. त्या लिपीत आपले गोरे आणि अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचे आडनाव एकच दिसते! आणि शिंदे, जाधव, पवार, मोरे ही आडनावे कितीतरी जातींत आढळतात. त्यावरून एक जात सांगणारे उत्तर निराधारच असणार.

ही केवळ करमणूक नव्हे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा जुने मोडी आणि उर्दू कागद उलगडावे लागले. केवळ आडनाव सांगून भागले नाही, नोंद दाखवावी लागली. शिवाय आपण एक चुकीचे वाक्य छापले, की उद्या तेच यंत्र आपल्याच ग्रंथाचा आधार घेऊन ते वाक्य पुढच्या पिढीला सांगेल. आपली चूकच तेव्हा पुरावा म्हणून उभी राहील.

मग हे साधन टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे मूठभर. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी एआय-प्रणाली पुढे आणली. हे काम यंत्राने अवश्य करावे. मात्र मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून शेवटची नजर जाणकाराचीच हवी.

आता घरातली गोष्ट. थोरल्या मामांच्या माळ्यावरचा कागदांचा रुमाल आपण एका मोडी-वाचकाकडून वाचून घेतला. त्यात इराण नाही, राजस्थान नाही. एक दत्तकपत्र आहे. आपल्या एका शाखेचा मूळ पुरुष शेजारच्या गावातील, भिन्न आडनावाच्या घरातून दत्तक आला होता. हे पान वगळावे, अशी सूचना समितीत आली आहे. सूचना करणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. पण ती शाखा माझ्या आईची आहे. त्या मुलाने या घराचे देव सांभाळले, श्राद्धे केली, कर्ज फेडले. त्याच्याहून अधिक फडणीस कोण? त्या पानाला जागा नसेल, तर माझ्या आईलाही या ग्रंथात जागा नाही.

म्हणून माझी विनंती आहे. इराणचे वाक्य काढा आणि दत्तकपत्र छापा. प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहा : कागद, वहीतील नोंद की ऐकीव आठवण. तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा, कुलदैवताच्या गावी जा आणि घरातील ऐंशीच्या पुढची माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. यंत्राला उद्याही विचारता येईल. मामांना विचारायचे असेल, तर ते या पहिल्याच रांगेत बसले आहेत. भोजनापूर्वी त्यांना गाठा.