बाहुलीच्या घराच्या भिंती आणि बाबांची खळ

कानात इयरफोन घालून बसमध्ये, होस्टेलच्या खोलीत किंवा भांडी घासताना ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतेय.

आजचा विषय ऐकून हसाल. बाहुलीच्या घराच्या भिंतींना चिकटवलेला कागद. त्याला फुगे येतात, सुरकुत्या पडतात, कोपरे उचकटतात, त्याचं काय करायचं? हसून झालं की वहीचं मागचं पान उघडा. यातलं बरंचसं वहीच्या कव्हरला, प्रोजेक्टच्या मॉडेलला आणि दिवाळीच्या आकाशकंदिलालाही लागू पडतं.

मी मूळची वरोऱ्याची. बाबांचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. शाळेची रजिस्टरं, दुकानदारांच्या खातेवह्या, कोणाची फाटलेली पोथी, असं काम. मी नऊ वर्षांची असताना, म्हणजे 2003 साली, बाबांनी मला पुठ्ठ्याचं घर करून दिलं. खाली दोन खोल्या, वर दोन. आमच्याकडे विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. त्या वर्षी आमची भुलाबाई-भुलोजीची जोडी महिनाभर त्या घराच्या दारात बसली होती. गल्लीतल्या मुली गाणी म्हणायला यायच्या, खिरापत ओळखायच्या आणि जाताना घरात डोकावून जायच्या.

घराच्या भिंतींना बाबांनी अबरी लावली होती. अबरी म्हणजे जुन्या खातेवह्यांच्या पुठ्ठ्याच्या आत असायचा ना, रंगांच्या लाटा-लाटांचा कागद, तो.

यंदा ताईच्या मुलीला ते घर माळ्यावर सापडलं. "मावशी, यात भुलाबाई बसवू?" बसवू म्हटलं, पण भिंती पाहिल्या आणि पोटात गोळा आला. कसरीने कागदाला भोकं पाडलेली, वरच्या खोलीत ओल आलेली, एका भिंतीचा कागद अर्धा लोंबत होता.

मी नागपूरला नोकरी करते. आठ दिवसांची सुट्टी काढून आले होते. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, फुलाफुलांचं डिझाइन शोधलं, घरातल्या इंकजेट प्रिंटरवर छापलं, पांढरा गोंद भरपूर थापला आणि एका संध्याकाळी एक भिंत उरकली.

अर्ध्या तासात कागदावर पुरीसारखे फुगे. मी ब्लेडने कापत सुटले. ओला कागद फाटला. बोट फिरवलं तर गुलाबी फुलांचा रंग पसरून चिखल झाला.

बाबा खाटेवरून पाहत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालत नाही, बोलणं सावकाश झालंय. तेव्हापासून दुकान बंद आहे आणि कामाबद्दल ते एक शब्द काढत नाहीत. आम्हीही विचारत नाही. त्या दिवशी मात्र ते बोलले.

"काऊन घाई करून राहिली व? कागदाले झोपू दे ना. सकाळी पाय."

पुढचे सहा दिवस ते शिकवत होते आणि मी करत होते. ते सगळं आता तुम्हाला सांगते.

फुगे का येतात?

कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू. पाणी लागलं की तंतू फुगतात, पण लांबीत फार कमी आणि जाडीत खूप. यंत्रावर कागद बनतो तेव्हा बरेचसे तंतू एकाच दिशेने झोपतात. म्हणून ओला कागद एका बाजूने जास्त पसरतो. तुम्ही गोंद लावून लगेच चिकटवलात, तर तो भिंतीवर गेल्यावर पसरतो. वाढलेल्या कागदाला जागा नसते, म्हणून तो वर उठतो.

उपाय सोपा. गोंद लावल्यावर कागद दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा. जो पसरायचा तो टेबलावरच पसरू द्यायचा आणि मग चिकटवायचा. बाबा यालाच "कागदाले झोपू दे" म्हणतात.

कागद कोणत्या दिशेने पसरणार, हे कळायला त्याच कागदाचा छोटा चौकोन कापा आणि एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल. नळीची जी लांबी, तीच तंतूंची दिशा. ती दिशा भिंतीच्या लांब बाजूला ठेवा, म्हणजे लांबीत फरक कमी पडतो.

हे सांगताना बाबांना बल्लारपूर आठवलं. आपल्याच जिल्ह्यातली पेपर मिल, जंगलातल्या बांबूपासून कागद करणारी. 1945 साली कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच 'पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड' होतं. स्ट्रॉबोर्ड म्हणजे बाइंडरचा पिवळट पुठ्ठा. माझं घर त्याच जातीच्या पुठ्ठ्याचं आहे.

फुगे आलेच तर?

पहिली गोष्ट, रात्रभर हात लावू नका. वाळताना कागद आकसतो आणि निम्मे फुगे आपोआप बसतात. मी ब्लेड चालवलं नसतं, तर माझी भिंत बहुतेक वाचली असती.

सकाळीही फुगा असेल आणि खाली पांढरा गोंद असेल, तर वर साधा कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री दाबा. वाफ नको. हा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि गार होताना पुन्हा धरतो. तरी बसला नाही, तर फुग्याच्या कडेला सुईने भोक पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने थेंबभर गोंद आत सोडा. मग मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्या. बाबांकडे त्यासाठी घासून गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी आहे. तुमच्याकडे चमच्याची पाठ चालेल.

बाकीच्या तक्रारी, पटापट

रंग पसरतो: इंकजेटची बरीचशी शाई पाण्यात विरघळते. झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट काढा. त्यातली पावडर कागदावर वितळून बसलेली असते, पाण्याने हलत नाही.

कोपरा पोकळ राहतो: एकच कागद दोन भिंतींवर ओढून नेऊ नका. वाळताना तो ताणला जातो आणि कोपऱ्यात सुटतो. पहिला कागद शेजारच्या भिंतीवर तीन-चार मिलिमीटर दुमडा आणि दुसरा त्याच्यावर बरोबर कोपऱ्यात आणा.

कड उचकटते: दात कोरायच्या काडीच्या टोकाने गोंद आत सरकवा आणि दाबून ठेवा.

भिंत धनुष्यासारखी वाकते: कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावा आणि वजनाखाली वाळू द्या. वहीच्या पुठ्ठ्याला आतून कागद असतो, त्याचं हेही एक कारण.

डिझाइन विचित्र दिसतं: बाहुलीघराचं नेहमीचं माप बारास एक, म्हणजे एका फुटाला एक इंच. इंग्लंडमधल्या विंडसर किल्ल्यात क्वीन मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघर आहे, 1924 साली पूर्ण झालेलं. त्याचा आराखडा नवी दिल्लीवाल्या ल्युटेन्सचा आणि मापही हेच. या मापात दोन इंचांचं फूल म्हणजे भिंतीवर दोन फुटांचं फूल! माझी गुलाबाची भिंत ओली नसती तरी वाईटच दिसली असती.

खळ

आता मुख्य गोष्ट. बाबांनी मला जुन्या भिंतींना पांढरा गोंद लावू दिला नाही. खळ करायला लावली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळायची. बाइंडर किडीसाठी यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या खेळण्यात नको. त्यापेक्षा खळ थोडीच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

मी विचारलं, बाटलीतला गोंद असताना एवढा खटाटोप कशाला?

"खळ पाण्यानं सुटते. पुढं कोणाले काढा लागते ना."

जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे जगभरचे जाणकार गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, तेही याच कारणाने. केलेली दुरुस्ती उद्या कोणालातरी सोडवता आली पाहिजे.

मग जुनी अबरी काढायला घेतली. स्पंज पिळून जेमतेम ओलसर करायचा, वितभर जागेवर दहा मिनिटं ठेवायचा आणि जुन्या एटीएम कार्डाने कड उचलायची. जास्त पाणी झालं तर पुठ्ठाच फुगतो. पंखा बंद, घाम गळतोय, पण वीस वर्षांपूर्वीची खळ खरंच सुटत होती.

वरच्या खोलीची भिंत सोलली आणि खाली पेन्सिलचं अक्षर दिसलं. बाबांचं. आधी मापं: उंची 9, खिडकी 2 बाय 3. त्याखाली हिशेब: पुठ्ठा, अबरी, कापडपट्टी. बेरीज आणि बेरजेपुढे एक शब्द, "उधार".

मी ती भिंत बाबांसमोर धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"त्या साली रजिस्टरचं काम हातचं गेलं होतं," ते म्हणाले. "तुले सांगून काय करू?"

मला आठवलं, त्याच वर्षी मी रुसले होते, मैत्रिणीसारखं दुकानातलं प्लॅस्टिकचं घर का नाही म्हणून.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? भाची म्हणाली, "मावशी, हे झाकू नको." बाबांनी मान हलवली. "झाक. ओल लागन नाही त." मग मी त्या भिंतीचा फोटो काढला आणि खळ कालवली. कागद टेबलावर झोपवला. उचलायला गेले तर बाबांनी डावा हात पुढे केला. वरची कड मी धरली, खालून हाडाची पट्टी त्यांनी फिरवली. सावकाश, थोडी तिरकी, पण एकही फुगा नाही.

त्या कोपऱ्यात कागद दोन मिलिमीटर तिरका बसलाय. तो मी सरळ करणार नाही.

पौर्णिमेला भुलाबाई बसली. ताई सांगते, बाबा आता दुपारी हाडाची पट्टी शोधत दुकानाचं कुलूप उघडायला लावतात. काम नाही, नुसतं बसतात. बसू देत.

तर मंडळी, सार एवढंच: कागदाला झोपू द्या, फुग्यावर रात्रीच ब्लेड चालवू नका आणि जुन्या वस्तूला पाण्याने सुटेल अशीच खळ लावा. तुमच्या घरी माळ्यावर असं काही असेल, तर ज्यांनी ते बनवलं त्यांना आधी विचारा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!