पहिले वर्ष : गप्प राहू नका, विचारा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



बारावी उत्तीर्ण होऊन पदवीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या सर्व मुलामुलींचे मनःपूर्वक अभिनंदन! मात्र आनंदाच्या या दिवशीच मला पहिल्या सत्राच्या निकालाविषयी बोलावयाचे आहे. तो निकाल लागला की आपल्या समाजातील कितीतरी मुले कोणाला न सांगता कॉलेजात जाणे बंद करतात. मुले शिक्षण सोडतात ती नापास झाल्यामुळे नव्हे, तर गप्प राहिल्यामुळे, असा एक शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे.

असे का घडते? शाळेत तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर वर्गशिक्षक घरी निरोप धाडतात. विद्यापीठाच्या शिक्षणात कोणी निरोप धाडीत नाही. प्राध्यापक व्याख्यान देतात आणि दुसऱ्या वर्गावर जातात. सूचना फलकावर लागते. ती वाचणे हे तुमचे काम. याचा अर्थ तेथील माणसे निष्ठुर आहेत असा नव्हे. तेथे तुम्हांला प्रौढ समजले जाते, इतकेच. म्हणून पहिल्या वर्षाचा पहिला धडा म्हणजे स्वतः जाऊन विचारणे.

काय विचारावे? प्रथम हजेरीचा नियम. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरी लागते. आता अभ्यासक्रम श्रेयांकांत मोजला जातो. व्याख्यानाच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय ६० तासांचा झाला. त्यात फार तर १५ तास चुकविता येतील. घरची दोन लग्ने, गावचा उरूस आणि एक आजारपण, एवढ्यात ते १५ तास संपतात. हा हिशेब पालकांनीही ध्यानात ठेवावा आणि मुलांना वर्ग चालू असताना गावी बोलावू नये.

दुसरी अडचण भाषेची. उर्दू वा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान पहिले दोन महिने नीट कळत नाही. तो मंदबुद्धी नसतो. त्याच्या कानांना सवय नसते. त्याने पुढच्या बाकावर बसावे. उद्याचा धडा आज रात्री एकदा वाचून जावे. विषयातील दहा शब्द रोज अर्थासह वहीत उतरावेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५ आठवड्यांच्या सत्रात ९०० शब्द होतात, आणि तेवढ्यावर पाठ्यपुस्तक बरेच उलगडते. मुंबई विद्यापीठात कला व वाणिज्य शाखांच्या अनेक विषयांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. आपल्या विषयाला ती आहे किंवा कसे, हे पहिल्याच आठवड्यात कार्यालयात विचारावे.

तिसरी गोष्ट निकालाची. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला म्हणजे वर्ष बुडाले, अशी अनेक घरांत समजूत आहे. ती चुकीची आहे. विषय राहिला तरी दुसऱ्या सत्रात बसता येते आणि राहिलेला विषय पुन्हा देता येतो. यालाच एटीकेटी म्हणतात. ती भूषण नव्हे, पण नामुष्कीही नव्हे.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचे उदाहरण पाहा. उर्दू-फारसीच्या मदरशातून त्यांचे शिक्षण सुरू झाले. १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले. दृष्टी अधू होऊ लागल्याने १८६४ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. पुढल्या वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांनीच पुढाकार घेतला. ‘आता पुरे’ म्हणून ते घरी बसले असते, तर समाजाचे केवढे नुकसान झाले असते!

घरच्या अडचणीमुळे थांबावेच लागले, तर रीतसर थांबा. मिळविलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. पण जो परीक्षेलाच बसत नाही, त्याच्या खात्यावर काय जमा होणार?

आता पालकांना विनंती. मुलाचे गुण कमी आले की ‘दुकानात बस’ किंवा ‘आखातात चल’, आणि मुलीचे कमी आले की ‘स्थळ पाहू’, हे निर्णय त्या संध्याकाळी घेऊ नका. त्याला किंवा तिला जवळ बसवा आणि कोणता विषय जड गेला, ते विचारा. वर्ष पुरे होऊ द्या. खर्चाची चिंता असेल तर चौकशी करा. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. आपल्यातील अनेक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात, परंतु दाखला काढलेला नसतो. तो प्रवेशाच्या आधी काढून ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कॉलेजात विचारावयास कोणी सापडले नाही तर आपल्या जुन्या शाळेत या. शाळेचा दाखला घेतला म्हणून नाते तुटत नाही. आम्ही शिक्षक तेथेच आहोत.

खुदा हाफिज. जय हिंद!